काळजी करणे आणि काळजी घेणे : पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेविषयी

मराठीत 'काळजी' या एकाच नामाला दोन क्रियापदे लागतात आणि त्यांतून दोन वेगळ्या वृत्ती उभ्या राहतात. 'काळजी करणे' म्हणजे मनातल्या मनात जळत राहणे. 'काळजी घेणे' म्हणजे उठून कुणासाठी तरी काही करणे. पहिलीत माणूस स्वतःच्याच भीतीभोवती फिरत राहतो, दुसरीत तो दुसऱ्या माणसाकडे वळतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र 'मेरिम्नाओ' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी येते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात बंदिवासात असलेला पौल वाचकांना सांगतो की, कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या प्रार्थनेने देवापुढे मांडा. त्याच पत्रात, त्याआधी, तीमथ्याविषयी लिहिताना, हा तुमची खऱ्या अर्थाने काळजी वाहील, अशी ग्वाही तो देतो. क्रियापद तेच. एके ठिकाणी ते निषिद्ध आहे, दुसऱ्या ठिकाणी तो सद्गुण आहे.

श्रद्धेने चिंता दूर होते असे सर्वच धर्म सांगतात. परंतु ती दूर होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न सहसा उपदेशाच्या ओघात वाहून जातो. मन शांत होते एवढेच, की जगण्याची रीत बदलते? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा एखाद्या आयुष्याच्या तपशिलात शोधणे अधिक फलदायी ठरावे. पंडिता रमाबाईंचे आयुष्य (१८५८–१९२२) त्यासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण ज्या गोष्टींची माणसाला सर्वाधिक चिंता वाटते, म्हणजे अन्न, निवारा, आप्तांचे मरण, पैसा आणि लोकापवाद, त्या सर्वांतून त्या गेल्या. आणि त्याविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इन्एक्झॉस्टिबल ट्रेझर' हे त्यांचे इंग्रजी आत्मकथन या दृष्टीने मूळ साधन म्हणून वाचता येते.

रमाबाईंच्या चिंतेचा इतिहास भुकेपासून सुरू होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्याची किंमत मोजली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत दक्षिण भारतभर फिरत राहिले. १८७० च्या दशकातील दुष्काळी काळात त्यांच्याजवळचे होते नव्हते ते सारे दानधर्म, व्रते आणि अनुष्ठाने यांत संपले. शरीरकष्टाचे काम करण्याची सवय कुणालाच नव्हती, आणि भीक मागणे मानी अनंतशास्त्र्यांना शक्य नव्हते. तिरुपतीच्या परिसरातील रानात त्यांनी ११ दिवस आणि ११ रात्री केवळ पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाई सांगतात. अखेर जवळजवळ अंध झालेल्या वडिलांनी पवित्र जलाशयात देह विसर्जित करण्याचे ठरवले. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्हांला असे मरू देणार नाही. तरीही पुढे काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

यानंतर ही दोन भावंडे पायी देश फिरली. पंजाबातील झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत आडवे होऊन डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हा प्रसंग रमाबाई कोणताही आक्रोश न करता सांगतात. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंतपणी जाळते, दोघींत फरक फक्त एका टिंबाचा, असे एक प्रसिद्ध सुभाषित आहे. ज्या मुलीने जगण्यासाठी स्वतःला कमरेच्याही वर पुरून घेतले, तिला हे सुभाषित केवळ शब्दचमत्कृती वाटले नसेल.

या भागाचे वाचन करताना वाङ्मयप्रकाराचे भान ठेवणे आवश्यक आहे. 'साक्ष' हा ख्रिस्ती आत्मकथनाचा रूढ प्रकार आहे. त्याची रचना आधी आणि नंतर अशी दुभंगलेली असते. आधी अंधार, नंतर प्रकाश. त्यामुळे रमाबाईंच्या कथनात आईवडिलांची अनुष्ठाने व्यर्थ ठरतात आणि पुढील ख्रिस्ती प्रार्थना सफळ ठरते. परंतु मजकूर बारकाईने वाचला तर ही विभागणी तितकीशी टिकत नाही. भल्या पहाटे झोपेतून उचलून, मांडीवर घेऊन पाठ देणारी आई याच आत्मकथनात आहे. 'द हाय कास्ट हिंदू वूमन' (१८८७) हा ग्रंथ रमाबाईंनी त्याच आईच्या स्मृतीला अर्पण केला. संकटातही अध्यापन न सोडणारी ही शिस्त त्यांना ख्रिस्ती धर्माने दिली नाही. ती घरातून आली. शिवाय भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीला अनन्य भक्तांचा योगक्षेम ईश्वर वाहतो ही कल्पना अपरिचित असणे शक्य नव्हते. बदलले ते आश्वासन नव्हे. बदलला तो त्या आश्वासनावर विसंबून काय करायचे याचा अर्थ. भाऊ मजुरीला उठला, या घटनेला त्यांच्या कथनात जे महत्त्व मिळते त्यावरून हा अर्थ त्यांच्या मनात बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी रुजला असावा, असे म्हणता येईल.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या; १८८० मध्ये भावाचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह; १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म; १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीचा मृत्यू; पुण्यात आर्य महिला समाज; १८८३ मध्ये इंग्लंड आणि तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर रोजी बाप्तिस्मा. त्याच्या थोडेच आधी त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथेच आत्महत्या केली होती. अनोळखी देश, तान्ही म्हणावी अशी मुलगी, मैत्रिणीचा असा अंत आणि वैद्यकीय शिक्षणाची आशा संपवणारा बहिरेपणा अशा पार्श्वभूमीवर हे धर्मांतर घडले. परंतु बाप्तिस्मा म्हणजे चिंतामुक्ती, असे समीकरण रमाबाई स्वतः मांडत नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या या काळाविषयी नंतर सांगतात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (ए. बी. शहा यांनी संपादित केलेला, १९७७) वाचला की हा अस्वस्थपणा किती खोल होता हे कळते. धर्मगुरूंचे म्हणणे मुकाट्याने मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. श्रद्धा म्हणजे आज्ञापालन नव्हे, हा त्यांचा आग्रह त्या पत्रांतून पुनःपुन्हा प्रकट होतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. या संस्थेमागे बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचे दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते. म्हणजे उद्याची सोय झालेली होती. परंतु १८९३ मध्ये विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या आरोपावरून वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना पालक घेऊन गेले. अमेरिकेतील पैसा होता, पण पुण्यातील विश्वास गेला होता.

याच कालखंडात रमाबाईंच्या हाती तीन मिशनऱ्यांची वृत्ते आली : चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पॅटन आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर. ही वृत्ते वाचून त्यांना प्रश्न पडला की, इतर देशांत जसे केवळ ईश्वरावर भरवसा ठेवून काम चालते तसे भारतात का चालू नये? यांपैकी म्यूलर यांचे उदाहरण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. प्रशियात १८०५ मध्ये जन्मलेल्या म्यूलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम सुरू केला. १८७० पर्यंत अॅशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहून त्यांत सुमारे २००० मुलांची सोय झाली. कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, हा त्यांचा नियम. परंतु त्याच्या जोडीला दुसराही नियम होता. आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवायची आणि दरवर्षी हिशेब छापून प्रसिद्ध करायचा. हे छापील अहवाल हीच एक प्रकारची याचना नव्हती काय, अशी शंका घेता येते आणि ती अगदीच चुकीची नाही. तरीही त्यातील मर्म वेगळे आहे. मनात घोळणाऱ्या चिंतेला आकार नसतो, म्हणूनच ती वाढते. वहीत उतरलेली गरज मात्र मोजता येते : आज दूध इतके हवे, भाकरी इतक्या हव्यात. उद्याची चिंता करू नये या डोंगरावरील प्रवचनातील शिकवणीचा म्यूलर यांनी लावलेला अर्थ हिशेब सोडण्याचा नव्हता, हिशेब एका दिवसापुरता करण्याचा होता.

रमाबाईंची खरी कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची वर्णने ऐकून त्या स्वतः तेथे गेल्या. दोन दशकांपूर्वीची आपलीच भूक त्यांना तेथे भेटली, असे त्यांच्या त्या वेळच्या लेखनावरून दिसते. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. नेमका याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि निर्बंधांमुळे या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावजवळ घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. 'मुक्ती'ची सुरुवात ही अशी झाली. सप्टेंबर १८९८ मध्ये तिची रीतसर प्रतिष्ठापना झाली. शारदा सदनाला दहा वर्षांची हमी होती. मुक्तीला कसलीच नव्हती. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची ज्या व्यक्तीवर जबाबदारी आहे, तिने उद्याची चिंता करू नये, हे सांगणे सोपे आहे. रमाबाईंनी ते कसे पेलले?

मुक्तीच्या दिनक्रमाकडे पाहिले तर उत्तराचा काही अंश हाती लागतो. तेथे पहाटेची प्रार्थना होती, आणि तिच्यामागोमाग हातमाग, शिवण, शेती, गाईगुरे, तेलघाणा आणि छापखाना होता. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्यांना ब्रेल शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' होते. प्रार्थना म्हणजे कामातून सुटका नव्हती; प्रार्थनेने दिवसाला आरंभ मिळत होता आणि कामाने तिला देह मिळत होता. आपल्या आईवडिलांच्या अनुष्ठानांनी कुटुंबाची पुंजी संपवली आणि हातांना काम दिले नाही, हा सल रमाबाईंच्या मनात कायम होता. त्यामुळे मुक्तीतील प्रत्येक मुलीने एखादी तरी कला शिकली पाहिजे, या आग्रहामागे तिरुपतीच्या रानातील ते ११ दिवस उभे आहेत असे मानायला जागा आहे. रमाबाईंनी म्यूलर यांचे अनुकरण अक्षरशः केले नाही, हेही नोंदवले पाहिजे. १८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तेथील असोसिएशनची पुनर्रचना झाली. पुढे 'मुक्ती प्रेअर बेल' या नियतकालिकातून संस्थेच्या गरजा आणि घडामोडी वाचकांपर्यंत जात राहिल्या. प्रार्थना आणि पत्रव्यवहार यांत त्यांना विरोध दिसला नाही.

ईश्वरावर भार टाकणारा माणूस अन्यायापुढे मान तुकवतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला रमाबाईंच्या चरित्रातील १८९७ ची एक घटना उत्तर देते. पुण्याच्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना, आणि त्यांत आपल्या सदनातील एका मुलीला, कशी वागणूक मिळाली याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. ज्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या धर्मबांधव म्हणून पुण्यातील टीकाकार त्यांना हिणवत होते, त्याच राज्यकर्त्यांना त्यांनी जाब विचारला. लोक काय म्हणतील आणि सरकार काय करील या दोन्ही चिंता बाजूला ठेवल्याखेरीज असे पत्र लिहिता येत नाही. चिंतामुक्तीचा हा अर्थ मनःशांतीपेक्षा निर्भयतेच्या अधिक जवळचा आहे.

तरीही या कथेतील अडचणीची बाजू झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही. दुष्काळातून आलेल्या, आईबाप गमावलेल्या बालिकेच्या धर्मस्वीकारात तिची स्वतंत्र संमती किती मानायची? अन्न, निवारा आणि धर्म एकाच हातातून मिळत असताना निवड उरते का? टिळकांच्या टीकेत अभिनिवेश होता, पण हा प्रश्न केवळ अभिनिवेशातून आलेला नव्हता. रमाबाईंच्या दृष्टीने त्या मुलींना आपल्याजवळची सर्वांत मोलाची ठेव देत होत्या; त्यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच अक्षय ठेव्याविषयी आहे. परंतु घेणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचे म्हणणे आपल्यापर्यंत त्यांच्या शब्दांत पोहोचलेले नाही. जून १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक पुनरुज्जीवनाची प्रसिद्ध लाट आली तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, रडत प्रार्थना करीत होत्या. काही मिशनऱ्यांना हा प्रकार शिस्तीला सोडून वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. भुकेने, मरणाने आणि घर सुटल्याने जे आत कोंडले होते, त्याला तेथे पहिल्यांदाच मोठा आवाज मिळाला, असेही या घटनेचे एक वाचन होऊ शकते. ते एकमेव वाचन नव्हे, परंतु श्रद्धाळू आणि संशयी दोघांनीही ते विचारात घ्यावे असे आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून ते अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ज्या विदुषीला संस्कृतनेच कीर्ती दिली होती, तिने संस्कृतचा भार उतरवून ठेवण्याचे ठरवावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तेथील स्त्रियांनीच केले. हे काम चालू असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा होता ती एकुलती मुलगी चाळिसाव्या वर्षी गेल्यावर चिंतेला याहून मोठे कारण कोणते असणार? रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर भाषांतर पुरे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच सुमारास मराठी ख्रिस्ती साहित्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून) अवतरली. तिच्यातील चिंता विनोदाच्या वाटेने हलकी होते. नारायण वामन टिळकांच्या बेहिशेबी उदारपणाला तोंड देणारी गृहिणी हसून पुढे जाते. रमाबाईंच्या लेखनात हसू क्वचित आढळते, तेथे हिशेब आणि प्रार्थना आहेत. या दोन रीतींचा तौलनिक अभ्यास मराठीच्या वर्गांत अधिक व्हायला हवा, कारण एकाच श्रद्धेतून दोन स्त्रिया किती भिन्न गद्य घडवतात हे त्यातून दिसते.

रमाबाईंच्या आयुष्यातून चिंता नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. दुष्काळ, प्लेग, टीका, मृत्यू शेवटपर्यंत होतेच. प्रार्थनेने त्यांच्यासाठी जे केले ते निराळे होते. आपले काय होईल हा प्रश्न तिने त्यांच्या हातून काढून घेतला आणि त्या जागी, आज कोणाला जेवू घालायचे आहे, हा प्रश्न ठेवला. त्यांचा देव मानणाऱ्याला ही ईश्वरी कृपा वाटेल. न मानणाऱ्याला ती दीर्घ आणि कष्टाने कमावलेली मनाची शिस्त वाटेल. दोघांनाही केडगावच्या माळरानावरील चुलींपुढे काही काळ थांबावे लागते. पौलाने एकाच क्रियापदात जे दोन अर्थ ठेवले होते, त्यांतील एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट त्या चुलींवरून गेली आहे.